साळुंकीचा श्वास

१

येसूबाईच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, धोत्र्याच्या वाळलेल्या पानांची पुडी सापडली. सापडली ती तिच्या सासूलाच, ठकूबाईला. पाडव्याची गुढी उतरून एक दिवसही झाला नव्हता, आणि सासऱ्याच्या, हैबती उतेकराच्या अंगणात अख्खी धारेची वाडी गोळा झाली.

धोत्रा विषारी, हे आंबेनळी घाटाच्या पायथ्याला कुणाला सांगावं लागत नाही. आणि हैबतीच्या घरात महिनाभर एक जीव धापा टाकत होता. तो जीव म्हणजे साळुंकी, नगाऱ्याची घोडी.

चैत्री पुनवेला वाघजाईची पालखी वाडीतून डोंगरावर चढते. पालखीच्या पुढं नगारा, आणि नगारा घोड्याच्या पाठीवर. ते घोडं उतेकरांच्या घरचं, हा चार पिढ्यांचा मान. अट एकच. तीन वळणांचा चढ घोड्यानं न थांबता चढायचा. थांबलं, की मान भाऊबंदांकडे गेला. पाखऱ्या नावाच्या घोड्यानं अकरा वर्षं हा मान राखला. तो गेल्या भाद्रपदात गेला, आणि यंदा साळुंकीची पहिलीच खेप होती. तिच्यात आता अंगणभर चालायचंही त्राण नव्हतं.

मालोजी हवालदारांना बोलवायला हैबतीचा धाकटा भाऊ चांगू धावत गेला. हवालदार मात्र सावकाश चालत आले. वीस वर्षं त्यांनी पलटणीत खेचरं सांभाळली होती. लढाईत तोफेच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला, पण उजवा कान बरगडीला लावला की जनावराच्या छातीत काय चाललंय ते त्यांना कळत असे. बायको गोदूबाई बोलायला लागली की हवालदार डावी बाजू तिच्याकडे करून बसतात, असं वाडीत म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. माणसांच्या बोलण्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. आधी जनावराला विचारायचं, मग माणसांना, ही त्यांची रीत.

"हवालदार, सुनेनं घोडीला विष घातलं," हैबती म्हणाला. रागावलेला माणूस ओरडतो, पण हैबतीचा आवाज अगदी खाली गेला होता. "महिपती माझा भाऊबंद. माझ्याकडचा मान गेला तर त्याच्याकडंच जायचा. आनि ही त्याच्या आत्याची नात. अजून काय पायजे?"

"घोडी दाखव," हवालदार म्हणाले.

साळुंकी घरातच, देवघराशेजारच्या कोठीत बांधलेली होती. नगाऱ्याचं घोडं माघी पुनवेपासून गोठ्यात ठेवत नाहीत. परक्याची नजर पडू नये म्हणून घरात आणतात आणि दार लावून घेतात. हवालदारांनी खिशातलं पलटणीचं घड्याळ काढलं आणि घोडीच्या बरगड्यांकडे बघत राहिले. मिनिटाला तीस श्वास. उभ्या घोड्याला बारा पुरतात. श्वास आत जात होता तो सरळ, पण बाहेर पडताना पोट एकदा दाबलं जाई आणि पुन्हा एकदा, जणू उरलेली हवा कुणी पिळून काढावी. अंगात ताप नव्हता. गव्हाणीत तोंड घालून ती मुकाट चारा खात होती.

त्यांनी कान लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मग बाहेर आले.

"विष पोटात गेलं असतं तर हिनं चाऱ्याला तोंड लावलं नसतं. हिचं पोट ठीक हाय, हैबती. दुखनं छातीत हाय."

"मंग ती पानं कशाला?" ठकूबाईनं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा येसूकडे गेल्या. माघात लग्न होऊन आलेली पोर. नवरा, रामा, लग्नानंतर पंधरा दिवसांत मुंबईला गिरणीत परत गेलेला. तिच्या बाजूनं बोलायला त्या अंगणात कुणीच नव्हतं.

"मी साळुंकीला काय खायला घातलं नाय," ती म्हणाली. तेवढंच. मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

हैबतीनं पुडी ओटीच्या वळचणीत खोचली. "पुनवेला घोडी चढली नाय, तर त्याच दिवशी हिला माहेरी पोचवायची. पुन्हा आनायची नाय."

पुनवेला तेरा दिवस होते.

२

हवालदारांनी ठकूबाईला गाठलं ते चुलीपाशी. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून बोलायला सुरुवात केली, आणि हवालदार मुद्दाम उजवी बाजू करून बसले.

"लेकीवानी जपलं मी तिला. कोठीच्या खिडकीला गोनपाट मारलं, गार वारा लागू नये म्हनून. रोज तिन्हीसांजेला उदाची धुरी, नजर लागू नये म्हनून. खायला देवीच्या शेतातला पेंढा. तो दुसऱ्या जनावराला घालत नाय आमी, कार्तिकात माळ्यावर चढवतो आनि माघापर्यंत हात लावत नाय."

"पेंढा घालतं कोन?"

"येसूच. म्हनून तर म्हनतेय!"

"आनि पाखऱ्या? तो कसा गेला?"

ठकूबाईनं डोळ्याला पदर लावला. "त्याला देवीनं नेला. दर चैत्रात खोकायचा तो. देवीची सेवा अंगावर येते, असं आमच्यात म्हनतात. पुनवेनंतर गोठ्यात गेला की बरा व्हायचा. शेवटच्या साली खोकला गेलाच नाय."

हवालदारांनी मान हलवली. चहा पुढं आला तो त्यांनी घेतला, आणि चांगू शेणी थापलेल्या भिंतीपाशी बसला होता तिकडे गेले. घोडीला बाहेर नेणं-आणणं चांगूकडे असे.

चांगूला बोलायचं नव्हतं असं दिसत होतं. मग एकदम बोलला.

"हवालदार, पोर चांगली हाय. मला तिचं वाईट वाटतं. पन एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीय. शिमग्याआधी साळुंकीला महाडला नेली व्हती, नवे नाल ठोकायला. नालबंद तापानं झोपलेला. चार दिवस थांबावं लागलं. नाइलाजानं उघड्यावर, सावित्रीच्या काठाला बांधली, नदीकाठचं ओलं गवत घातलं. चौथ्या दिवशी खोकला नाय, धाप नाय. पोलादपूरपर्यंत दुडक्या चालीनं आली."

"आनि मंग?"

"घरी बांधली. दोन दिवसांत पुन्हा तेच." चांगूनं मान खाली घातली. "तिच्या हातातून सुटली की बरी, तिच्या हातात आली की आजारी. ह्याच्यापुढं काय बोलायचं?"

वीस वर्षांत हवालदारांना जनावरांनी क्वचित फसवलं होतं, आणि या क्षणी साळुंकीच येसूच्या विरुद्ध साक्ष देत होती.

३

महिपतीचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. मान मिळायचा तर याला, तेव्हा डाव असला तर याचा, असं सगळी वाडी म्हणत होती. महिपती मात्र दारातच हवालदारांना हात जोडून उभा राहिला.

"हवालदार, काय तरी करा आनि त्या घोडीला उभी करा. माझं घोडं तुमी बघितलंय. पोट बघितलंय त्याचं? दुसऱ्या वळनावर बसंल ते, नगाऱ्यासकट! मान मिळायचा दूरच, सात गावांत हसं होईल माझं."

हवालदारांना हसू आलं. त्या घोड्याला त्यांनी खरोखरच बघितलं होतं.

"येसू इथं आली व्हती कधी?"

"आली की. शिमगा झाल्यावर. माझ्या बांधावरची धोत्र्याची पानं मागायला. भर दुपारी आली, मला विचारून तोडली. म्हनाली, औषधाला पायजेत."

विष घालायला निघालेली बाई भर दुपारी बांधाच्या मालकाला विचारून पानं तोडते, हे हवालदारांना काही पटेना. ते तसेच परत कोठीत गेले. या खेपेला घोडीकडे न बघता त्यांनी भिंती बघितल्या, जमीन बघितली, गव्हाणीच्या मागे हात घातला. हाताला एक खापर लागलं. खापरात राख होती, पण ठकूबाईच्या धुपाटण्यात असते तशी उदाची, शेणीची राख नव्हती ती. पातळ, पानांची राख. आणि वरच्या भिंतीवर काजळीचा डाग होता तो नेमका घोडीच्या नाकपुडीच्या उंचीवर.

पानं खायला घातलीच नव्हती. ती जाळली होती.

येसू ओढ्यावर भांडी घासत होती. हवालदार जरा लांब, दगडावर बसले.

"पोरी, पलटणीत आमचा एक म्हातारा सालोत्री व्हता, घोड्यांचा वैद्य. धाप लागलेल्या खेचराच्या नाकाखाली तो धोत्र्याची दोन पानं धुमसत धरायचा. घटकाभरात खेचराचा श्वास मोकळा व्हायचा. मला त्यानं शिकवलं. तुला कुनी शिकवलं गो?"

येसूनं तांब्या जोरजोरात घासला.

"तुझ्या घरात कुनाला तरी दमा हाय," हवालदार म्हणाले.

तांब्या तिच्या हातून सुटला आणि ओढ्यात गडगडत गेला. तो आणायला ती उठली नाही. पदर तोंडात धरून रडली, मग रडणं थांबवून बोलली.

"माझ्या बाबांना हाय. लहानपनापासून तो आवाज ऐकत झोपलेय मी, आबा. साळुंकीचा श्वास ऐकला आनि मला बाबाच आठवले. तेच दोनदा दाबनं. म्हनून धुरी दिली, दोनच पानांची. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं."

"मंग बोलली का नाय?"

"कशी बोलू? हे लोक मला बघायला आले तेव्हा बाबा जागचे उठलेच नायत. पाय मुरगळलाय म्हनून सांगितलं, उठलं की धाप लागंल म्हनून. हे कळलं तर मला फसवून दिली म्हनतील. आनि धाकटीला बघायला वैशाखात मानसं येनार हायत. दमेकऱ्याची लेक कोन करंल? मी एकटी गेले तर गेले. तिचं कशाला मोडू?"

ही पोर बहिणीसाठी विषारीण म्हणवून घ्यायला तयार झाली होती, आणि तेही कुणाला न कळू देता. त्यांनी उठून ओढ्यात पाय घातला, तांब्या काढला आणि तिच्यापुढं ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबाचा दमा कधी जास्त व्हायचा?"

"मळनीला. पेंढा झोडताना. आई त्यांना खळ्यावर फिरकूच देत नसे."

हवालदार जागीच थांबले. मग वळून इतक्या घाईनं निघाले की वहाणा ओढ्यावरच राहिल्या.

"घरी ये," ते मागं न बघता म्हणाले. "आनि चांगूला सांग, शिडी घेऊन कोठीत ये म्हनावं!"

४

कोठीत माणसं मावेनात. हैबती, ठकूबाई, चांगू आत, महिपती दारात, बाकीची वाडी पडवीत. हवालदारांनी चांगूला माळ्यावर चढवलं, छपराचं एक कौल सरकवायला लावलं. उन्हाची तिरीप थेट गव्हाणीवर पडली.

"आता देवीचा पेंढा खाली टाक. एकच पेंढी."

पेंढी खाली पडली. हवालदारांनी ती उचलली आणि उन्हात एकदा झटकली. पांढुरकी धूळ उठली, तिरीप गढूळ झाली, आणि पहिला खोकला आला तो हैबतीलाच. मग ठकूबाईला. साळुंकीनं मान उडवली आणि तीही खोकली.

"बुरा आलाय ह्याला," हवालदार म्हणाले. "दर साली पेंढा पुरता वाळायच्या आत वर कोंडता, आत कुबट होतो. वरून ठीक दिसतो. कार्तिकापासून हात लावायचा नाय, म्हनून कुनी बघितलंच नाय. आता घोडी कशी उभी हाय बघा. डोक्यावर हा माळा, तोंड ह्याच पेंढ्यात, खिडकीला गोनपाट, आनि तिन्हीसांजेला धुरी. मानूस गुदमरलं तर तोंड उघडून श्वास घेतं. घोड्याला ती सोय नाय. घोडं नाकानंच श्वास घेतं, धावताना घेतं, चढताना घेतं. ही धूळ नाकातून थेट छातीत. आत नळ्या सुजतात. हवा आत जाते, बाहेर पडायला जागा ऱ्हात नाय. म्हनून पोट दोनदा दाबतं."

"पन महाडला बरी झाली ती?" चांगू वरून म्हणाला.

"तेच तर! तू म्हनालास, येसूच्या हातातून सुटली की बरी. मीबी दुपारपर्यंत तेच धरून बसलो व्हतो. अरे, सुटली कशातून? येसूच्या हातातून, आनि ह्या कोठीतूनबी. नदीचा वारा, ओलं गवत. धूळ नाय, धुरी नाय. पोरीनं तर औषध म्हनून दोनच पानं नाकाखाली जाळली, श्वास मोकळा व्हायला. आनि पाखऱ्या दर चैत्रात खोकायचा, गोठ्यात गेला की बरा व्हायचा. तेव्हा येसू ह्या घरात व्हती का?"

अकरा वर्षांचा खोकला प्रत्येकानं ऐकला होता.

"म्हंजे पाखऱ्याला मीच..." ठकूबाईनं त्या पेंढीला हात लावला. "मीच जपून जपून मारला त्याला?"

"मायेनं केलंस, ठकू. कुनीच तुला सांगितलं नाय, मीबी नाय. मला तर कळायला पायजे व्हतं." हे म्हणताना हवालदारांचा आवाज मऊ झाला. त्यांना खरोखरच लाज वाटत होती. पाखऱ्याला ते वर्षानुवर्षं लांबूनच हात जोडत आले होते.

हैबती गव्हाणीचा कठडा धरून उभा होता. "हवालदार, पटतंय सगळं. पन नगाऱ्याचं घोडं पुनवेपर्यंत उघड्यावर बांधायचं नाय. बापजाद्यांची रीत हाय. देवीला काय सांगू?"

"देवी कुठं ऱ्हाते, हैबती?"

"वर. डोंगरावर."

"छप्पर हाय तिला?"

वाघजाईला छप्पर नाही. तिला ते चालत नाही, अशीच वाडीची श्रद्धा. बारा महिने ती उघड्यावर, वाऱ्यात बसलेली असते. हैबतीनं स्वतःच्या हातानं साळुंकीचा दोर सोडला आणि तिला अंगणातल्या आंब्याखाली नेऊन बांधली. जाता जाता खिडकीचं गोणपाट ओढून काढलं.

"पन पुनवेची अट ऱ्हायली," तो म्हणाला. "घोडी चढली, तर तुमचं खरं. नाय चढली, तर पुडीचं काय ते मला कळलंच पायजे."

ठकूबाईनं डोळे पुसले. तिच्या मनातला प्रश्नही अजून तिथंच होता. "व्हय, हवालदार. ती पानं पोरीनं जाळली म्हनता तुमी, औषध म्हनून. पन हे औषध हिला शिकवलं कुनी?"

ठकूबाई हवालदारांच्या डाव्या बाजूला उभी होती. हवालदार शांतपणे आपलं घड्याळ पुसत राहिले. तिनं प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्यानं विचारला. त्यांचा डावा कान त्या दिवशी जरा जास्तच बहिरा झाला होता.

५

बारा दिवस साळुंकी आंब्याखाली राहिली. येसू रोज ओढ्यावरचं गवत कापून आणी आणि पाण्यात बुचकळून घाली. हवालदार सकाळी तिला चढावर फिरवत. आधी पायथ्यापर्यंत, मग पहिल्या वळणापर्यंत, मग दुसऱ्या. खाली आल्यावर घड्याळ काढून बसत आणि श्वास बसायला किती वेळ लागतो ते बघत. तीस श्वासांचे चोवीस झाले, मग अठरा, मग चौदा. तिसऱ्या वळणावर मात्र त्यांनी तिला एकदाही नेलं नाही. ते पुनवेसाठी ठेवलं होतं.

पुनवेच्या सकाळी नगारा चढवला. मुंबईहून रामा आला होता. ठकूबाईनं धुपाटणं पेटवलं खरं, पण ते ओटीवर लांब ठेवलं आणि घोडीला नुसतंच ओवाळलं. येसूच्या कपड्यांची पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती. ती कुणी बांधली हे कुणी विचारलं नाही. तिनंच बांधली होती.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर साळुंकीची मान खाली आली, नाकपुड्या फुलल्या. हवालदार तिच्या खांद्याशी चालत होते, उजवा कान तिच्याकडे करून. नगारा वाजत होता, लोक ओरडत होते, आणि त्यांना त्या सगळ्यातून एकच आवाज ऐकायचा होता. पाऊल आणि श्वास, पाऊल आणि श्वास. श्वास जोराचा होता, पण एकसंध. दोनदा दाबणं नव्हतं.

"थांबतेय," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप!" हवालदार ओरडले. साळुंकीनं एक पाऊल आखूड टाकलं, खुराखालून दगड निसटताच तोल सावरला आणि तिसरं वळण घेतलं. वर देवीसमोर ती उभी राहिली तेव्हा हैबती तिच्या मानेत तोंड खुपसून रडला, आणि त्याला ते लपवावंसंही वाटलं नाही.

दुपारी जेवायला सगळे सोयरे-धायरे हैबतीच्या घरी. येसूचा बापही लेकीला बघायला आला होता. पोलादपूरहून चालत आलेला. ओटीवर भिंतीला टेकून बसला तो नेमका धुपाटण्याशेजारी. ओळखीच्यांनी नमस्कार केला तर नुसता हात वर करी. हैबती समोर येऊन बसला.

"पाय... अजून दुखतो जरा," व्याही म्हणाले.

त्यांच्या ओठांवर हसू होतं, आणि सदऱ्याखाली पोट एकदा दाबलं जात होतं आणि पुन्हा एकदा.

दारात येसू ताट घेऊन उभी होती. हैबतीनं व्याह्यांकडे बघितलं, मग सुनेकडे, मग हवालदारांकडे. हवालदार आपला डावा कान खाजवत भलतीकडेच बघत होते. बारा दिवस हैबती आंब्याखाली त्यांच्या शेजारी बसला होता, घोडीच्या बरगड्यांकडे बघत. तो श्वास त्याला आता कुणी ओळखवून द्यायला नको होता.

हैबती उठला. पेटतं धुपाटणं उचलून त्यानं अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. परत आला आणि व्याह्यांना दंडाला धरून उठवलं.

"पाय ऱ्हाऊ द्या, व्याही. चला, आंब्याखाली बसू. तिथं वारा हाय."

त्यांना साळुंकीजवळ बसवून तो वळला, वळचणीत हात घातला आणि तेरा दिवस खोचलेली पुडी काढून येसूच्या हातात दिली.

"दोनच पानं ना गो?" तो म्हणाला.

येसूनं मान हलवली. तिच्यामागे उभ्या असलेल्या ठकूबाईनं पुडीकडे बघितलं, आंब्याखालच्या व्याह्यांकडे बघितलं, आणि तिचा प्रश्न तिला सुटला.

"जा, बापाजवळ बस," ती म्हणाली. "खापरात विस्तव मी घेऊन येते."